कंसातली रेल्वे

माणसाला नाव आणि आडनाव असते. गावाला सहसा एकच नाव पुरते. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले सिंदी मात्र याला अपवाद आहे. त्याचे आडनाव 'रेल्वे', आणि तेही कंसात लिहितात!

पहिले नाव झाडावरून आलेले आहे. सिंदी म्हणजे देशावरची शिंदी, रानखजुरीचे झाड. नाल्याकाठी ते आपोआप उगवते. पानांच्या केरसुण्या नि चटया होतात, खोडाला खाच पाडून रस काढतात. पहाटे प्याला तर ती नीरा, आंबला की झाडाचेच नाव घेतो. नागपूरकडच्या बोलीत 'श'चा 'स' होतो. म्हणून कोणा शुद्धलेखनाच्या भोक्त्याने येथे 'शिंदी' लिहू नये. सिंध प्रांताशी तर या नावाचा काडीचाही संबंध नाही.

झाडांवरून पडलेली नावे या मुलखात उदंड आहेत. बोरगाव, पिपरी, चिंचोली ही नावे कोसाकोसावर भेटतात. बैलगाडीच्या काळी त्याने कोणाचे अडत नव्हते. पुढे १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निराळा झाला. सारा आणि टपाल यांना एका नावाची दोन गावे चालेनात. वर्धा शहरालगत दुसरी सिंदी होतीच. तिच्या कंसात 'मेघे' हे कुळनाव आले. आपल्या सिंदीजवळून १८६७ साली नागपूरला पोचलेली आगगाडी गेली, म्हणून हिच्या कंसात रेल्वे आली. एकीची ओळख घराण्यावरून, दुसरीची रुळांवरून!

हे आडनाव लावणारी आणखी दोन भावंडे याच लोहमार्गावर, अमरावती जिल्ह्यात आहेत. चांदूर बाजारहून निराळे चांदूर रेल्वे, आणि धामणगाव गढीहून निराळे धामणगाव रेल्वे. सेलूला मात्र स्टेशन दूर पडले, म्हणून तेथे 'सेलू रोड' झाले. 'रोड' म्हणजे उतरल्यावर अजून चालायचे आहे, असे समजावे.

नावांच्या घोटाळ्यावर याच जिल्ह्यात दुसराही उपाय झाला. गांधीजींची पत्रे सेगावऐवजी बुलढाण्याच्या शेगावला जात. तेव्हा १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम केले. त्या नावाला अर्थ मोठा लाभला, पण जुने नाव गेले. सिंदीने कंस पत्करला आणि आपले झाड राखले. मला हा दुसरा मार्ग अधिक भावतो.

गंमत अशी की १९५१ साली मध्यप्रांतातली मालगुजारी संपली आणि त्याच साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. जुनी मालकी गेली, जुनी कंपनी गेली. दोन्ही सिंद्यांचे कंस जागच्या जागी आहेत. फक्त स्टेशनच्या पाटीवर कंस नाही. तेथे नुसतेच 'सिंदी' लिहिले आहे.