तार्विझिओ : आल्प्समधील एका सीमावर्ती नगराचा इतिहास व भूगोल

प्रस्तावना

पर्वत व नद्या या राष्ट्रांच्या ‘नैसर्गिक सीमा’ होत, हा विचार आधुनिक युरोपच्या राजकारणात प्रभावी ठरला. पहिल्या महायुद्धानंतर इटलीने आल्प्समधील आपल्या मागणीसाठी याच विचाराचा आधार घेतला. मात्र इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील तार्विझिओ हे नगर या सिद्धांताच्या मर्यादा स्पष्ट करते. ऑस्ट्रिया व स्लोव्हेनिया या दोन्ही देशांच्या सीमा येथून काही किलोमीटर अंतरावर आहेत. जर्मनमध्ये टार्व्हिस व स्लोव्हेनमध्ये त्रबीझ ही या नगराची नावेच त्याच्या बहुभाषिक वारशाची साक्ष देतात. भूगोलाने या नगराला मार्ग दिला, तर सीमा राजकारणाने दिली, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

भौगोलिक स्थान

सुमारे 750 मीटर उंचीवरील हे नगर वाल कानाले या दरीच्या पूर्व टोकाशी, कार्निक व ज्युलियन आल्प्सच्या दरम्यान वसले आहे. नगराच्या पश्चिमेस कांपोरोस्सो येथे एक रुंद व कमी उंचीचा जलविभाजक आहे. त्याच्या पश्चिमेचे पाणी फेल्ला नदीतून तालियामेंतोला मिळून एड्रियाटिक समुद्रास जाते. पूर्वेचे पाणी स्लित्सा, गाइल व द्रावा या नद्यांमार्गे डॅन्यूबला व अखेरीस काळ्या समुद्राला मिळते. तार्विझिओ या पूर्व बाजूस आहे. म्हणजेच राजकीयदृष्ट्या इटलीत असलेले हे नगर जलप्रवाहाच्या दृष्टीने डॅन्यूब खोऱ्याचा भाग ठरते.

हा जलविभाजक ओलांडण्यास सुलभ असल्यामुळे तो अडसर न ठरता व्हेनिसचा प्रदेश व मध्य युरोप यांना जोडणारा व्यापारी मार्ग बनला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मध्ययुगात हा प्रदेश दूरच्या बांबर्ग येथील बिशपच्या सत्तेखाली होता. 1759 मध्ये मारिया थेरेसा हिने बांबर्गची कॅरिंथियातील मालमत्ता विकत घेतली व दरी हॅब्सबर्ग अमलाखाली आली. मार्गाचे लष्करी महत्त्व नेपोलियनच्या युद्धांत दिसून आले. मे 1809 मध्ये जवळच्या मालबोर्गेत्तो व प्रेदिल येथील लहान ऑस्ट्रियन तुकड्यांनी फ्रेंच सैन्यास काही काळ रोखून धरले.

1866 मध्ये व्हेनेतो इटलीत सामील झाल्यावर पश्चिमेकडील पोंतेब्बा येथील ओढा हीच इटली व ऑस्ट्रिया यांची सीमा झाली. 1870 मध्ये ल्युब्लियानाकडून व 1879 मध्ये पोंतेब्बाकडून आलेल्या लोहमार्गांमुळे तार्विझिओ रेल्वेचे जंक्शन बनले. तेव्हा हे नगर पूर्णपणे ऑस्ट्रियात होते.

सीमेचे स्थलांतर व माणसांचे स्थलांतर

10 सप्टेंबर 1919 च्या सेंट-जर्मेन तहाने ही दरी तार्विझिओसह इटलीला मिळाली. नैसर्गिक सीमेचा पुरस्कार करणाऱ्या राष्ट्राला येथे जलविभाजकापलीकडचे नगर लाभले. ते मिळवण्यामागे लोहमार्गाच्या जंक्शनचे महत्त्वही होते. जर्मन व स्लोव्हेन भाषिक रहिवासी आपले घर न सोडता दुसऱ्या राष्ट्राचे नागरिक झाले. फॅसिस्ट राजवटीत शाळा व प्रशासन यांचे इटालियनीकरण करण्यात आले.

1939 मध्ये याच्या उलट घडले. हिटलर व मुसोलिनी यांच्या राजवटींतील करारानुसार दक्षिण टिरोलप्रमाणेच या दरीतील जर्मन भाषिकांनाही जर्मनीत जाणे किंवा इटलीत राहणे यांपैकी एक पर्याय निवडावा लागला. बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय निवडला आणि अनेक कुटुंबे कॅरिंथियात गेली. 1919 मध्ये माणसे स्थिर राहून सीमा हलली; 1939 नंतर सीमा स्थिर राहून माणसे हलली. दरीच्या सामाजिक रचनेवर दुसऱ्या घटनेचा आघात अधिक खोल झाला.

सीमेवरील अर्थव्यवस्था

1947 च्या पॅरिस शांतता तहानंतर तार्विझिओ इटलीतच राहिले. मात्र ज्युलियन आल्प्समधील सीमा पश्चिमेकडे सरकली. युगोस्लाव्हियातून व ऑस्ट्रियातून येणाऱ्या ग्राहकांमुळे येथील बाजारपेठ भरभराटीस आली. सीमाशुल्क, पोलीस, लष्कर व रेल्वे यांमुळे रोजगारही मिळाला. जवळच्या काव्हे देल प्रेदिल येथील शिसे व जस्ताची खाण हा दुसरा आधार होता. ती 1991 मध्ये बंद झाली.

त्यानंतर सीमाच पुसट होऊ लागली. ऑस्ट्रिया 1995 मध्ये व स्लोव्हेनिया 2004 मध्ये युरोपीय संघात आले. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील नियमित तपासणी 1998 मध्ये व स्लोव्हेनियाच्या सीमेवरील डिसेंबर 2007 मध्ये थांबली. मुक्त संचाराने नगराचे जुने दुभंगलेपण कमी झाले, तसेच सीमेवर आधारलेल्या उपजीविकाही क्षीण झाल्या. क्लागेनफुर्ट, क्रान्स्का गोरा व तार्विझिओ यांनी 2006 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी संयुक्त प्रस्ताव मांडला. यजमानपद तुरीनला मिळाले, तरी तीन देशांनी एकत्र येण्याची कल्पना त्यातून पुढे आली. जुन्या लोहमार्गाचा मोठा भाग आज सायकलमार्ग झाला आहे.

निष्कर्ष

तार्विझिओच्या इतिहासातून असे दिसते की, सीमा ही निसर्गाची देणगी नसून राज्यसंस्थेचा निर्णय असते व त्याची किंमत स्थानिक लोक मोजतात. 1999 च्या इटालियन कायद्याने जर्मन, स्लोव्हेन व फ्रिउली भाषांना संरक्षण दिले. परंतु 1939 नंतर गेलेली कुटुंबे कायद्याने परतत नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. त्यावरून सीमा पुसट झाली तरी नाहीशी होत नाही, हेही स्पष्ट होते. कांपोरोस्सोचा जलविभाजक मात्र अनेक शतके आहे तेथेच आहे. म्हणून सीमावर्ती नगरांचा अभ्यास करताना नकाशावरील रेषेइतकेच तिच्या दोन्ही बाजूंच्या जीवनाकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.