१२९ अंकांचं कुलूप

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या एका डिझाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिलं होतं, 'ही की फोडणं अशक्य आहे.' टीममधल्या सीनियरनं बाजूला एकच कमेंट टाकली: 'कधीपर्यंत?' तेव्हा राग आला होता. पुढे आरएसए-१२९ या संख्येची गोष्ट वाचली, आणि राग गेला.

ऑगस्ट १९७७. 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी एमआयटीतल्या रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांची कल्पना लोकांपुढे मांडली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायचा, उत्तर जगाला सांगायचं, अवयव मात्र लपवायचे. सोबत १२९ अंकी संख्या आणि तिच्या आधारे कुलूपबंद केलेला एक संदेश छापला. उलगडणाऱ्याला १०० डॉलर. तेव्हाची सर्वांत चांगली रीत आणि सर्वांत वेगवान संगणक धरून रिव्हेस्ट यांचा अंदाज होता ४ वर १६ शून्यं एवढी वर्षं! म्हणजे विश्वाच्या वयाच्या जवळपास २९ लाख पट.

गंमत बघा, संख्या संयुक्त आहे हे अवयव न शोधताही कळतं. फर्माचा नियम सांगतो की विषम मूळ संख्या 'प' असेल, तर २ च्या (प - १) व्या घाताला 'प'ने भागल्यावर बाकी १ उरते. आता १५ घ्या. २ चा १४ वा घात १६३८४. त्याला १५ ने भागलं की बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही, आणि ३ किंवा ५ चं नावही घ्यावं लागलं नाही. १२९ अंकी संख्येसाठी हे काम संगणक क्षणात करतो. पण अवयव कोणते, यावर तो नियम गप्प बसतो. सगळी सुरक्षितता या दोन प्रश्नांमधल्या दरीवर उभी आहे.

ती दरी कमी करणाऱ्यांपैकी एक कार्ल पॉमरन्स. शाळेतल्या एका गणित स्पर्धेत त्यांना ८०५१ चे अवयव विचारले होते. काहीतरी हुशार युक्ती असणार म्हणून ते शोधत राहिले आणि वेळ संपली. युक्ती होतीच: ८०५१ म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणून ८३ गुणिले ९७. मोठ्या संख्येत अशी जोडी सरळ सापडत नाही. १९८१ च्या सुमारास पॉमरन्स यांनी मांडलेली 'क्वाड्रॅटिक सिव्ह' ही चाळणी लाखो छोटे धागे गोळा करते आणि ते जोडून, ज्यांच्या फरकाला आपल्या संख्येनं भाग जातो, असे दोन वर्ग तयार करते.

धागे गोळा करण्याचं काम वाटून घेता येतं. १९९३ मध्ये डेरेक ॲटकिन्स, मायकेल ग्राफ, पॉल लेलँड आणि आर्येन लेन्स्ट्रा यांनी इंटरनेटवर हाक दिली. सुमारे ६०० जणांनी रिकाम्या वेळेत आपली मशिन्स कामाला लावली आणि निकाल ईमेलनं पाठवले. एकूण १६०० च्या आसपास मशिन्स. त्यांत दोन तर फॅक्स मशिन्स! आठेक महिन्यांनी, एप्रिल १९९४ मध्ये, ६४ आणि ६५ अंकी दोन अवयव हाती आले. संदेश उघडला: 'द मॅजिक वर्ड्स आर स्क्वीमिश ऑसिफ्रेज'. ऑसिफ्रेज म्हणजे हाडं फोडून खाणारं गिधाड. वाक्याला काही अर्थ नाही. बक्षिसाचे १०० डॉलर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिले गेले.

विश्वाला न पुरणारा काळ १७ वर्षांत संपला. गणित खोटं ठरलं नाही. रीत सुधारली, यंत्रं वाढली आणि माणसं एकत्र आली. मला खटकतं ते वेगळंच. संदेश १९७७ चाच होता, फक्त वाचला गेला १९९४ मध्ये. आज कुणी आपले मेडिकल रिपोर्ट एन्क्रिप्टेड अवस्थेत उचलून ठेवले, तर त्याला फक्त थांबायचं आहे. त्याच १९९४ साली पीटर शॉर यांनी दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव झटपट काढेल. असा संगणक अजून नाही, तरीही अमेरिकेच्या 'निस्ट'नं २०२४ मध्ये त्याला तोंड देणारी नवी मानकं जाहीर केली.

मी ते डॉक्युमेंट पुन्हा उघडलं. 'अशक्य' खोडलं आणि तिथे लिहिलं: ही की कधी बदलायची, आणि हा डेटा किती वर्षं गुप्त राहायला हवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीममध्ये कुणाकडेच नव्हतं.