डिजिटल हजेरी : मशीनवर अंगठा उठला, पण काम झालं का?

येरवड्यातलं महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय असो की गावचं तलाठी कार्यालय, लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो: साहेब जागेवर आहेत का? त्यासाठीच डिजिटल हजेरी आली.

हजेरी कशी लागते?
पूर्वी मस्टरवर सही असायची. मग अंगठ्याचं मशीन आलं. केंद्र सरकारने 2014 मध्ये आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सुरू केली. आता मोबाइलवर चेहरा आणि ठिकाण दोन्ही नोंदवलं जातं. 2025 मध्ये राज्याच्या महसूल विभागानेही फेस अ‍ॅपवर हजेरीचा आदेश काढला.

कार्यालयाची वेळ काय?
29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15. मात्र रुग्णालयं, कारागृहं अशा ठिकाणी काम पाळीने चालतं. त्यामुळे येरवडा कारागृह किंवा तिथल्या मनोरुग्णालयाला हे वेळापत्रक सरसकट लागू होत नाही.

नुसत्या मशीनने भागतं का?
राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात 2006 मध्ये सरकारी नर्सबाईंच्या हजेरीसाठी वेळ छापणारी मशीनं दिली. गैरहजर राहिलं तर पगार कापायचा, असं ठरलं. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी खूप वाढली. पुढे वरचे अधिकारीच ‘सूट’ देत गेले आणि सोळा महिन्यांनी फरक उरला नाही. मशीन तेच होतं, वरिष्ठांचा धाक गेला होता.

रोजगार हमीच्या कामांवरही तसंच झालं. 1 जानेवारी 2023 पासून अ‍ॅपवर दोन वेळा फोटो सक्तीचे झाले, तरी फोटोचाच फोटो काढून टाकल्याचे प्रकार केंद्राला 2025 मध्ये पत्रक काढून सांगावे लागले.

म्हणजे हजेरी तपासणारा, नेटवर्क नसेल तर अडचण समजून घेणारा आणि कामाचा हिशोब मागणारा वरिष्ठ हवाच. फिरतीवरच्या तलाठ्याला दिवसभर खुर्चीत बसवूनही उपयोग नाही.

तुम्ही काय करू शकता?
- अर्ज दिला की पोच घ्या, तारीख बघा.
- लोकसेवा हक्क कायदा 2015 नुसार अधिसूचित सेवेला मुदत असते. ती फलकावर किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर बघा.
- मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.
- विनाकारण टाळाटाळ सिद्ध झाल्यास 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

साहेब आले होते, हे मशीन सांगेल. काम झालं की नाही, ते तुमची पोचपावती सांगते. ती जपून ठेवा.