संत गोन्सालोचे बालसोबती

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. काल्हेर-कशेळीच्या कडेने वाहणारी उल्हास नदीची खाडी येथून दूर नाही. तीच खाडी पुढे वसईच्या किल्ल्याजवळ सागराला मिळते. चार शतकांपूर्वी त्या वसईतील एक मुलगा समुद्र ओलांडून जपानला गेला. संत गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. त्याच्या हौतात्म्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु त्या कथेतील एक पान आपण बहुधा न वाचताच उलटतो. आपल्या मुलाबाळांना सेवेची गोडी कशी लावावी, असा प्रश्न पालक व धर्मगुरू विचारतात, तेव्हा आम्हांला त्याच पानाची आठवण होते.

गोन्सालोचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता याच मातीतली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत तो वाढला आणि त्यांच्याच सोबत कोवळ्या वयात जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली व कित्येक वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र सफल झाली नाही. मग तो व्यापारात शिरला, त्यात त्याचा जम बसला. अखेरीस मनिला येथे सर्व सोडून तो फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू झाला.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या भेटीस निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत गोन्सालो होता. या मंडळींना क्योटो नगरीत जागा मिळाली. १५९४ साली तेथे त्यांचा मठ व चर्च उभे राहिले आणि त्यांच्या शेजारी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ उघडले. एक अपुरे पडले म्हणून दुसरेही उघडावे लागले. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. रोग्याला घरातून व गावातून बाहेर काढले जाई. ज्यांना कोणी शिवत नव्हते, त्यांच्या जखमा येथे धुतल्या जात होत्या.

हे काम केवळ परदेशी धर्मबंधूंचे नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फ्रान्सिस नावाचा एक जपानी वैद्य तेथे उपचार करी. लिओ कारासुमारू हा प्रापंचिक धर्मशिक्षक रुग्णसेवेत गढलेला असे. धनुष्ये घडवणारा मिखाएल कोझाकी मठ-चर्चच्या उभारणीत राबला आणि आपला मुलगा थॉमस यालाही त्याने धर्मबंधूंच्या हाताखाली दिले. लिओचा पुतण्या लुईस इबाराकी जेमतेम बारा वर्षांचा होता. तो वेदीसेवा करी व इस्पितळात हातभार लावी. नागासाकीचा तेरा वर्षांचा अंतोनिओ मठात शिकत असे. थॉमस चौदा वर्षांचा होता. आज आपल्या धर्मग्रामात या वयाची मुले दृढीकरणाच्या तयारीला बसतात.

१५९६ च्या अखेरीस वारे फिरले. ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशींनी धर्मबंधूंना पकडण्याचा हुकूम दिला. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. भर हिवाळ्यात त्यांना शेकडो मैल नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत थॉमसने आपल्या आईला पत्र लिहिले. त्यात त्याने आपल्या यातनांचे रडगाणे गायिले नाही. धाकट्या भावांना सांभाळ, एवढाच त्याचा घोर होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत सतरा जण जपानी प्रापंचिक होते आणि ही तीन मुलेही होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

आपल्या चित्रांत व प्रवचनांत ती टेकडी असते, ते इस्पितळ नसते. म्हणून मुलांना वाटते की, संत होणे म्हणजे एका दिवसाचे शौर्य. प्रत्यक्षात त्या दिवसामागे कित्येक महिन्यांची नित्याची सेवा होती. मुलांनी मरणाला कवटाळावे, असे कोणी आईबाप इच्छिणार नाहीत आणि ख्रिस्तसभाही तसे मागत नाही. अनुकरण करायचे ते त्या सेवेचे.

आणि ती सेवा त्या मुलांच्या अंगी कशी बाणली, याचे उत्तरही इतिहासातच आहे. थॉमससोबत त्याचा बाप होता, लुईससोबत त्याचा काका होता. मोठ्यांनी मुलांना सेवेला पाठवले नाही. त्यांनी मुलांना आपल्याबरोबर नेले. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. मुलांना वर्गात बसवून सेवेचे महत्त्व सांगतो, नाताळात भेटवस्तूंची पाकिटे त्यांच्या हाती देतो आणि स्वतः घरी बसतो. मुलांचे कान तृप्त होतात, हात रिकामे राहतात.

वळच्या गोदामांत दूरदेशीचे कामगार ओझी वाहतात, आसपासच्या भिवंडीत यंत्रमागांवर परप्रांतीय मजूर राबतात. आजारी पडल्यावर त्यांच्या उशाशी बसायला अनेकदा कोणी नसते. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यांत ते औषध विनामूल्य मिळते, पण रोग्याविषयीची भीती अजून गेलेली नाही. क्षयरोग्याला औषधासोबत सकस आहार लागतो. त्यासाठी २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ योजनेत कोणाही नागरिकाला वा मंडळाला रुग्णाचा भार उचलता येतो. एका कुटुंबाने एका रुग्णाचा आहार पत्करावा आणि महिन्याची ती शिधापिशवी बापाने व लेकाने, आईने व लेकीने मिळून पोहोचवावी. डॉक्टरांना विचारून योग्य ती खबरदारी घेतली, की भीतीचे कारण उरत नाही.

वसईच्या संताचा अभिमान आपण बाळगतो, तो योग्यच आहे. परंतु क्योटोच्या त्या इस्पितळाचे दार आपल्या मुलांसाठी कोणी उघडायचे, हा प्रश्न मुलांना विचारायचा नाही. तो आपल्यालाच विचारलेला आहे.