डिस्क घेतली, आता चालेल का?

सोलापूरच्या पूर्वभागातली भवानी पेठ ही यंत्रमागांची, चादरी-टॉवेलांची, मराठीइतकीच तेलुगू बोलणारी वस्ती. सन २००० च्या सुमारास सिनेमाची डिस्क घरात येऊ लागली, तेव्हा ती पारखायची साधी रीत होती. उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, ‘चालतंय का ओ?’ म्हणून दुकानदाराला विचारायचं आणि त्यानं प्लेअरवर लावून थोडं पुढं-मागं पळवून दाखवलं की पैसे द्यायचे.

व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा मावायचा, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन डिस्कांवर यायचा. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे एक लाख. साधा असेंबल पीसीही ते ओढून न्यायचा. डीव्हीडीनं ठिपके चार लाखांवर नेले आणि २००७ मध्ये मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. डिस्क आता भाजीच्या पिशवीबरोबर घरी नेण्याइतकी स्वस्त झाली होती.

त्याच सुमारास जगात नवी लढाई पेटली होती. २००६ मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व तिच्या साथीदारांची ब्लू-रे समोरासमोर आल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं माघार घेतली. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि चित्रात २० लाखांहून अधिक ठिपके. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, तर ब्लू-रेचा निळा-जांभळा ४०५ नॅनोमीटरचा. जुन्या ड्राइव्हला ती डिस्क वाचताच येत नव्हती.

इथून पारख दुकानातून उठून थेट मशीनच्या पोटात गेली. सायबरलिंक कंपनीनं त्यासाठी एक मोफत प्रोग्रॅमच काढला. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, मेमरी, ड्राइव्ह, मॉनिटरची जोडणी असं एकेक तपासून तो प्रत्येकासमोर निकाल द्यायचा. पहिल्या काही ओळी ताकदीच्या होत्या. सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत येणारं चित्र उलगडणं एकट्या जुन्या प्रोसेसरला जड जायचं, ग्राफिक्स कार्डाचा हात लागायचा.

खरी अडचण शेवटच्या ओळीत होती. डिस्कवर एएसीएसचं कुलूप होतं, आणि मॉनिटरकडे जाणाऱ्या डिजिटल वाटेवर एचडीसीपीचा पहारा. डीव्हीआय केबलनं जोडलेला चांगला मॉनिटर एचडीसीपी जाणत नसेल, तर प्लेअर चित्र दाखवायचंच नाकारी. तीच डिस्क जुन्या व्हीजीए केबलवर बहुधा बिनतक्रार चाले! मशीन सक्षम असून भागत नव्हतं, त्याला परवानगीही लागायची. रोख पैसे मोजून डिस्क घेणाऱ्यावर हा अन्यायच होता. २००७ मध्ये विनडीव्हीडी या प्लेअरच्या गुप्त किल्ल्या फुटल्या. मग जुन्या किल्ल्या रद्द झाल्या आणि ज्यांनी प्लेअर अपडेट केला नाही, त्यांना नव्या डिस्का बंद झाल्या. चोरी दुसऱ्याची, भुर्दंड प्रामाणिक गिऱ्हाइकाला.

घरोघरच्या टेबलावर तेव्हा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे मॉनिटर होते, म्हणजे आठ लाखांच्या आत. सगळ्या परीक्षा पार केल्या तरी डिस्कमधला निम्म्याहून अधिक तपशील अशा पडद्यावर मावतच नव्हता. भवानी पेठेतल्यासारख्या काटकसरी घरानं नवा ड्राइव्ह, नवं कार्ड, नवा मॉनिटर आणि वर परवान्याचा प्लेअर घ्यावा कशासाठी? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सिनेमा मोबाइलवर उतरला.

तरीही डिस्का जपून ठेवणाऱ्यांची परीक्षा संपलेली नाही. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेला पीसीवर रीतसर चालायला इंटेलची एसजीएक्स ही सोय लागते. ती सातव्या ते दहाव्या पिढीच्या बऱ्याच प्रोसेसरांत होती, २०२१ च्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून इंटेलनं ती काढून टाकली. म्हणून या डिस्का ज्याच्या कपाटात आहेत, त्यानं जुना पीसी भंगारात देण्याआधी त्याच्या प्रोसेसरची पिढी बघून घ्यावी.