तीन महिन्यांची रात्र

‘मन चिंती तें वैरी न चिंती’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. परंतु तिचा अर्थ ज्यांना पुरेपूर उमगला असे लोक शोधावयाचे झाल्यास ते उत्तर ध्रुवाकडील बर्फांत शोधावे लागतील. आपला हिंवाळा म्हणजे शेकोटी, हुरडा आणि तिळगूळ यांचा काळ. तो लवकर संपूं नये असेंच वाटतें. जेथें समुद्रच दगडासारखा घट्ट होतो, जेथें सूर्य एकदां मावळला कीं तीन तीन महिने तोंड दाखवीत नाहीं, तेथें मात्र हिंवाळा हा एक लांबलचक वेढाच असतो. वेढ्यांत सांपडलेल्या किल्लेदारानें कोठारांत दाणागोटा किती आहे हें जसें पाहावयाचें, तसेंच शिबंदीच्या अंगीं धीर किती उरला आहे हेंही पाहावयाचें. हा धीर टिकविण्यासाठीं माणसांनीं कोणते खेळ व कोणत्या करमणुकी योजिल्या, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्यांत विचार करण्यासारखेंही पुष्कळ आहे.

सन १५९६ मध्यें विल्यम बॅरेंट्स या डच नाविकाचें गलबत नोव्हाया झेम्ल्या बेटाच्या किनाऱ्याशीं बर्फांत अडकलें. उत्तरेच्या समुद्रांतून चीनकडे जाणारा जवळचा मार्ग सांपडेल, या आशेनें ही मंडळी निघाली होती. वाहून आलेल्या लाकडांचें एक घर त्यांनीं उभारलें व त्यांत सोळा माणसें राहूं लागलीं. थंडी एवढी कीं घड्याळ गोठून बंद पडलें, आणि पुढें वाळूच्या घड्याळावर काळ मोजावा लागला. अशा स्थितींत ५ जानेवारी १५९७ रोजीं त्यांना मायदेशांतील एका जुन्या सणाची आठवण झाली. त्या रात्रीं त्यांनीं जपून ठेवलेलें थोडें पीठ काढून तेलावर धिरडीं केलीं, प्रत्येकानें एक एक बिस्किट मद्यांत बुडवून खाल्लें, आणि सणाच्या रिवाजाप्रमाणें एकाला राजा निवडलें. तो मान तोफा सांभाळणाऱ्या गड्याला मिळाला व तो ‘नोव्हाया झेम्ल्याचा राजा’ झाला! ज्या राज्यांत बर्फ आणि कोल्हे यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें त्याचा हा राजा. पण त्या एका रात्रीपुरतीं तीं माणसें आपलें दुःख विसरलीं. पुढें बॅरेंट्स स्वतः परतीच्या वाटेवर उघड्या होडींत मरण पावला. सोळांपैकीं बारा जण मात्र स्वदेशीं पोहोंचले.

बॅरेंट्सच्या सोबत्यांनीं जें एका रात्रीं सहज केलें, तेंच सव्वादोनशें वर्षांनंतर एका इंग्रज अधिकाऱ्यानें सबंध हिंवाळाभर योजनापूर्वक केलें. त्याचें नांव विल्यम एडवर्ड पॅरी. अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग शोधण्यासाठीं १८१९ च्या मे महिन्यांत ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ हीं दोन गलबतें घेऊन तो निघाला, तेव्हां त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें. त्या सालीं त्यानें पश्चिमेकडे एवढी मजल मारली कीं, ४ सप्टेंबर रोजीं ११० अंश पश्चिम रेखांश ओलांडून सरकारनें लावलेलें पांच हजार पौंडांचें बक्षीस त्यानें मिळविलें. परंतु पुढें बर्फानें वाट अडविली. तेव्हां मेल्व्हिल बेटाच्या एका उपसागरांत दोन मैलांहून लांब असा कालवा करवतींनीं बर्फांत कापून त्यानें दोन्ही गलबतें आंत घेतलीं. त्या जागेला त्यानें ‘विंटर हार्बर’ म्हणजे हिंवाळ्याचें बंदर असें नांव दिलें. आतां पुढचे दहा महिने तेथून हलणें नव्हतें.

दोन गलबतांवर मिळून चौऱ्याण्णव माणसें होतीं. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवून ठेवण्यांत आले, डेकावर जाड कापडाचें छप्पर घातलें, आणि गलबतांच्या भोंवतीं बर्फाचे बांध घातले. इतकें झाल्यावर खलाशांना करण्यासारखें काम फारसें उरलें नाहीं. पॅरीची खरी काळजी येथूनच सुरूं झाली. नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य जाणार व तो फेब्रुवारीपर्यंत दिसणार नाहीं, हें गणितानें ठाऊक होतें. अंधार, थंडी आणि रिकामपण हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे खलाशी उदास होतो, उदास झालेला खलाशी अंथरूण धरतो, आणि अंथरूण धरलेल्यास स्कर्व्ही रोग गांठतो, अशी त्या काळच्या दर्यावर्दी लोकांची समजूत होती. हा रोग क जीवनसत्त्वाच्या अभावीं होतो, हें आज शाळेंतील मुलालाही ठाऊक आहे. उदासपणा व सुस्ती हें त्या रोगाचें कारण नसून बहुधा त्याचें पहिलें लक्षण होय. परंतु पॅरीनें शहाणपणा असा केला कीं, दोन्ही बाजूंनीं तटबंदी केली. रोज प्रत्येक माणसानें लिंबाचा रस साखर घालून अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत प्यावयाचा, असा त्याचा हुकूम होता. आणि पोटासाठीं जसा हुकूम, तसाच मनासाठीं त्यानें कार्यक्रम आंखला.

५ नोव्हेंबर १८१९ रोजीं ‘हेक्ला’च्या डेकावर नाटकाचा पडदा उघडला. गॅरिक या प्रसिद्ध इंग्रज नटाचें ‘मिस इन् हर टीन्स’ हें प्रहसन त्या दिवशीं झालें. लेफ्टनंट बीची यानें रंगभूमीची व्यवस्था पाहिली. नट सर्व अधिकारीच. त्यांत खुद्द पॅरीही होता. पुढें पंधरा पंधरा दिवसांनीं प्रयोग होऊं लागले. नाटकांचा सांठा फार थोडा, म्हणून नाताळच्या सुमारास पॅरीनें स्वतःच एक नाटक लिहिलें. त्याचा विषय त्यांचाच प्रवास. त्यांत गलबतें शोध पुरा करून सुखरूप घरीं पोहोंचतात. जें अजून घडावयाचें होतें तें रंगभूमीवर घडलेलें पाहून खलाशांना केवढा आनंद झाला असेल!

पण हें नाटक पाहणें व करणें कांहीं सुखाचें नव्हतें. डेकावरची थंडी गोठणबिंदूच्या पुष्कळ खालीं गेलेली असे. स्त्रीपार्ट करणाऱ्या अधिकाऱ्यांचे तर फारच हाल होत. तलम झगे घालून त्यांना लाजत मुरडत उभें राहावें लागे. तरीसुद्धां प्रयोग बंद पडले नाहींत. रंगभूमी उभारणें व मोडणें यांत खलाशांचे दोन दिवस कामांत जातात, हाही पॅरीच्या मतें एक मोठा लाभ होता. ज्याला नाटकांत काम नाहीं त्याला निदान खिळे ठोकण्याचें तरी काम मिळे; आणि तेंही नसेल त्याला पुढच्या प्रयोगाची वाट पाहण्याचें काम होतेंच. काळ कंठण्याच्या कामीं हें शेवटचें साधनही थोडें नव्हे.

नाटकाच्या जोडीला एक साप्ताहिकही निघालें. कॅप्टन एडवर्ड सेबाईन हा शास्त्रज्ञ त्याचा संपादक होता. ‘नॉर्थ जॉर्जिया गॅझेट अँड विंटर क्रॉनिकल’ असें भारदस्त नांव धारण करणारें हें पत्र हातानें लिहिलेलें असे. त्याचे एकवीस अंक निघाले. नाटकांचीं परीक्षणें, विनोदी पत्रें, कविता, खोट्या जाहिराती असा सर्व मसाला त्यांत असे. वाचक दोन गलबतांपुरते आणि लेखक त्यांच्यांतलेच. तरी लेख न देणाऱ्यांवर टीका व त्यांचीं प्रत्युत्तरें हीं येथेंही सुटलीं नाहींत. घरीं परतल्यावर १८२१ मध्यें हें पत्र लंडनमध्यें छापून प्रसिद्ध झालें.

हवा बरी असली म्हणजे खलाशांना किनाऱ्यावर फिरावयास पाठवीत. वादळ असलें म्हणजे दांडा फिरवून वाजवावयाची बाजाची पेटी लावीत व तिच्या तालावर सगळे जण डेकावर फेऱ्या घालीत धांवत. कधीं त्यांचींच गाणीं त्यांना ताल पुरवीत. पॅरीच्या खोलींतील शेगडीच्या नळाजवळ उथळ पेट्यांत माती घालून मोहरी व अळीव पेरले होते. उजेड नसल्यामुळें ते कोंब पांढुरके उगवत. पण त्यांवर एका आजारी अधिकाऱ्याची प्रकृति सुधारली. तीन महिन्यांच्या अंधारांत पेटींतले ते चार कोंब दृष्टीस पडणें, ही सुद्धां एक करमणूकच नव्हे काय?

३ फेब्रुवारी १८२० रोजीं डोलकाठीवर चढलेल्या माणसांना सूर्य पुन्हां दिसला. खरी कडाक्याची थंडी मात्र त्यानंतर पडली. पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं पन्नास अंशांच्याही पलीकडे उतरला. त्याच महिन्यांत किनाऱ्यावरील वेधशाळेला आग लागली, आणि मौल्यवान उपकरण वांचविण्यासाठीं उघड्या हातांनीं बाहेर धांवलेल्या एका नोकराचीं बोटें हिमानें गेलीं. अखेर १ ऑगस्ट रोजीं गलबतें मोकळीं झालीं. चौऱ्याण्णवांपैकीं एकच माणूस तेथें मरण पावला. बाकीचे त्याच वर्षीं स्वदेशीं पोहोंचले.

पॅरीच्या या पहिल्या हिंवाळ्यांत एक उणीव होती. नाटक अधिकाऱ्यांनीं करावयाचें व पत्र अधिकाऱ्यांनीं लिहावयाचें. साधा खलाशी केवळ प्रेक्षक. १८२१ ते १८२३ या दुसऱ्या सफरींत ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. नाटकें व जादूचा दिवा यांबरोबर या वेळीं गलबतावर रात्रीची शाळा सुरूं झाली. दोन महिन्यांपूर्वीं ज्यांना अक्षरओळख जेमतेम होती, अशा सोळा जणांनीं नाताळच्या दिवशीं आपले सुवाच्य कित्ते पॅरीपुढें आणून ठेवले. थट्टामस्करीच्या रात्री विसरल्या जातात; अक्षर मात्र जन्माला पुरतें.

याच सफरींत पॅरीची गांठ त्या भूमीच्या खऱ्या रहिवाशांशीं पडली. १८२२ च्या फेब्रुवारींत इन्युइट लोकांची एक वस्ती गलबतांजवळ आढळली. बर्फाच्या विटांच्या घुमटाकार घरांत, सीलच्या चरबीच्या दिव्याजवळ हीं कुटुंबें राहत होतीं. इग्लिउक नांवाच्या एका चतुर स्त्रीनें पॅरीला किनाऱ्याचा नकाशा काढून दाखविला, व त्यावरून त्याला पुढच्या सामुद्रधुनीचा सुगावा लागला. ढोलाच्या तालावर नाचणें व गाणें, हाडाला पाडलेल्या भोंकांत उडवून काडी अडकविणें, बोटांवर दोरा गुंतवून त्याच्या आकृती काढणें, असे या लोकांचे नाना खेळ आहेत. पुढें पॅरीनें जेथें दुसरा हिंवाळा काढला त्या इग्लूलिककडील लोकांत एक सुंदर समजूत होती. शरद ऋतूंत सूर्य खालीं जाऊं लागला म्हणजे ते दोऱ्याचा खेळ खेळत. हेतु हा कीं, सूर्य त्या जाळ्यांत अडकावा व त्याचें जाणें लांबावें. तो परतूं लागला म्हणजे हाडाचा खेळ. हेतु हा कीं, त्यानें लवकर वर यावें. इंग्रज खलाशी सूर्याला विसरण्यासाठीं खेळत होते, इन्युइट त्याला धरून ठेवण्यासाठीं खेळत होते. एकाला तो हिंवाळा म्हणजे संकट होतें. दुसऱ्याचें तें घरच होतें.

करमणुकीनें माणूस तरतो, असा सिद्धांत यावरून काढूं लागलें तर इतिहास लगेच आडवा येतो. १८४५ मध्यें सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ व ‘टेरर’ हीं गलबतें घेऊन त्याच मार्गाच्या शोधार्थ निघाला. गलबतांवर मोठे ग्रंथसंग्रह होते, बाजाच्या पेट्या होत्या. पॅरीनें घालून दिलेला सर्व पाठ त्यांनीं बरोबर घेतला होता. परंतु १८४८ च्या एप्रिलपर्यंत बर्फ त्यांना सोडीना. शेवटीं उरलेले लोक गलबतें टाकून पायीं निघाले व वाटेंतच नाहींसे झाले. १२९ पैकीं एकही परतला नाहीं. तीं गलबतें समुद्रतळाशीं सांपडलीं तीं २०१४ व २०१६ मध्यें. पुस्तकें व बाजा पोटाची जागा घेऊं शकत नाहींत, आणि एका हिंवाळ्याला पुरणारा धीर तीन हिंवाळे पुरत नाहीं.

तरीही पॅरीचें श्रेय कमी होत नाहीं. अन्न, औषध व ऊब यांच्या यादींत आनंदाचें नांव त्यानें बिनसंकोच लिहिलें, आणि तोही अधिकाऱ्यानें मोजून, वेळच्या वेळीं वांटावयाचा जिन्नस मानला. घरांत कोणी दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळला असतां औषधाची वेळ सगळेच पाळतात. त्याच्याजवळ बसून दोन गमतीच्या गोष्टी सांगण्याची, एक डाव सोंगट्यांचा मांडण्याची वेळ मात्र कोणी ठरवून ठेवीत नाहीं. ती सवडीवर सोडलेली असते. विंटर हार्बरच्या त्या अंधारांत पंधरा दिवसांनीं पडदा उघडे तो कोणाला सवड झाली म्हणून नव्हे. तो दिवस ठरलेला असे, आणि त्या दिवसाची वाट पाहत माणसें रात्र काढीत.