तळटीप : ‘दिल्लीचं अमेरिकी प्रदर्शन’

आचोळ्याच्या या आठवणींत ओझरता आलेला उल्लेख मार्च-एप्रिल १९६७ मध्ये ललित कला अकादमीत भरलेल्या ‘टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’चा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते पाठवलं होतं. पोलॉक, रॉथ्को यांच्याबरोबर त्यात वॉरहॉल, लिक्टनस्टाइनही होते. लिक्टनस्टाइन कॉमिकमधलं चित्र मोठं करताना स्वस्त छपाईतले ठिपकेही जाळीतून उमटवत असे. अगदी जवळ गेलं की चेहरा विरतो, ठिपकेच उरतात. वॉरहॉलने तर सूपचा डबा आणि सिनेनटीचा फोटो चित्राच्या चौकटीत आणला. ही त्या पिढीची खरी धिटाई. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे या प्रदर्शनाआधीच, १९६४ साली, रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. लेखकाने त्यांची आठवण इथे काढायला हवी होती. – संपा.